राख गाडण्याआधी तपासा : महानिर्मितीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, महाराष्ट्र राज्य विद्युत निर्मिती कंपनी (महानिर्मिती)
आणि
सचिव, ऊर्जा विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : औष्णिक वीज केंद्रांच्या राखेत कोणते धातू किती आहेत याची केंद्रनिहाय तपासणी करून आकडे जाहीर करणे, आणि तोवर सर्वांत बारीक राख वेगळी साठवणे.

महोदय,

मी कामठी तालुक्यात राखेच्या विटा पाडतो. कोराडी आणि खापरखेडा वीज केंद्रांच्या धुराच्या चिमण्या रोज डोळ्यांसमोर असतात आणि तिथली राख माझ्या आवारात येऊन विटा होऊन बाहेर पडते. राखेवर माझं पोट आहे, त्यामुळे राख फुकट जाऊ नये असं मला वाटतं यात नवल नाही. पण आज लिहितोय ते विटांसाठी नाही. आपण ज्या घाईने राख उचलून बंद खाणींत, खोलगट जमिनींत आणि रस्त्यांच्या भरावात टाकायला निघाला आहात, त्या घाईत एक साधी गोष्ट राहून गेली आहे. त्या राखेत काय आहे ते आधी नीट मोजा. मोजलेलं आम्हाला दाखवा. मग ती कुठे टाकायची ते ठरवा.

घाई का आहे ते आम्हालाही कळतं. राखेच्या वापराची पहिली केंद्रीय अधिसूचना सप्टेंबर १९९९ मध्ये निघाली, नंतर ती वरचेवर बदलली आणि ३१ डिसेंबर २०२१ ला नवी आली. तीन वर्षांच्या चक्रात शंभर टक्के राख वापरा, नाही वापरली तर टनामागे एक हजार रुपये पर्यावरण भरपाई भरा, आणि तलावांत साठलेली जुनी राख दहा वर्षांत संपवा, असा तिचा सारांश. राख-वापराचं स्वतंत्र धोरण करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं ते २०१६ साली, तेव्हा या बाबतीत आपण मागे नव्हतो. गोम इतकीच आहे की हा सगळा हिशेब टनांत चालतो. सिमेंटमध्ये गेलेला टन, विटेत गेलेला टन आणि उघड्या खाणीच्या खड्ड्यात ओतलेला टन, कागदावर तिन्ही सारखेच. देशभरात २०२१-२२ या वर्षात २७ कोटी टनांहून जास्त राख झाली आणि त्यातली सुमारे ९६ टक्के ‘वापरली’ गेली. टक्केवारी छान दिसते. पण वापरली म्हणजे काय केली, आणि त्यात काय घालवलं, हा रकाना त्या तक्त्यात नाही.

बॉयलरमध्ये काय होतं ते आपल्या अभियंत्यांना माझ्याहून चांगलं माहीत आहे, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडक्यात सांगतो. आपला कोळसा गोंडवाना काळातला, मातीने भरलेला. त्यात तीस-चाळीस टक्के राख सहज असते. पिठासारखा दळलेला हा कोळसा तेराशे-चौदाशे अंश सेल्सिअसच्या पुढे जळतो तेव्हा त्यातली माती वितळते आणि थंड होताना तिचे बारीक काचेचे गोल मणी होतात. जड दाणा तळाशी पडतो, ती तळराख, सुमारे वीस टक्के. बाकीची धुरासोबत उडते आणि ईएसपीच्या, म्हणजे धुरातली राख विजेच्या भाराने ओढून घेणाऱ्या यंत्राच्या, पट्ट्यांवर पकडली जाते. कोळसा जळून गेला म्हणून त्यातले धातू जळत नाहीत. ते राखेत एकवटतात. कोळशात जो धातू टनामागे शंभर ग्रॅम होता तो राखेत अडीचशे-तीनशे ग्रॅम होऊन बसतो. आणि जे धातू त्या उष्णतेत वाफ होतात, उदाहरणार्थ इलेक्ट्रॉनिक्सला लागणारं जर्मेनियम, काही अंशी गॅलियम, आणि त्यांच्या जोडीला आर्सेनिक, सेलेनियम, शिसं, ते धूर निवताना बारीकात बारीक कणांवर जाऊन चिकटतात. म्हणून ईएसपीच्या पहिल्या ओळीच्या हॉपरमधली (खालच्या नरसाळ्यासारख्या कोठीतली) राख आणि शेवटच्या ओळीच्या हॉपरमधली राख या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. पहिल्या ओळीची राख चिमटीत घेतली तर बोटांना रवाळ लागते, न जळलेल्या कोळशाचे काळे ठिपके दिसतात. शेवटच्या ओळीची राख बोटांच्या रेषांत शिरते आणि झटकून निघत नाही, तिला धुवावंच लागतं. आमच्या धंद्यातले लोक रंगावरून आणि स्पर्शावरून सांगतात की बल्कर (राखेचा टँकर) कुठल्या हॉपरखाली भरला असेल. आणखी एक गोष्ट कुणीही करून बघावी. एक चांगला चुंबक पॉलिथिनच्या पिशवीत घाला आणि ताटलीभर कोरड्या राखेतून हळूहळू फिरवा. पिशवीला काळ्या मण्यांची लव चिकटते. चुंबक पिशवीतून काढला की मणी कागदावर पडतात. हे लोहाचे, मॅग्नेटाइटचे गोलक. कोळसा धुण्याच्या वॉशरींमध्ये जड माध्यम म्हणून जे मॅग्नेटाइट विकत आणून वापरतात, त्याच जातीचा हा माल. राखेच्या तलावात पाण्यावर पांढुरका थर तरंगतो तो पोकळ मण्यांचा, सेनोस्फिअरचा. रंगापासून तेलविहिरींच्या सिमेंटपर्यंत त्याला मागणी आहे. ही दोन कामं विनाआम्ल, विनाभट्टी होतात. लोणी काढलेलं ताकही ताक म्हणून विकलं जातं, तशी लोह काढलेली राख सिमेंटला आणि विटेला चालतेच. मग तेवढं तरी प्रत्येक केंद्रावर नेमाने का होऊ नये?

राखेतून धातू काढणं ही आजकाल निघालेली टूम नाही. कोळशाच्या राखेत जर्मेनियम साठतं हे नॉर्वेतले भूरसायनशास्त्रज्ञ गोल्डश्मिट यांनी १९३० च्या सुमारास दाखवून दिलं होतं. ब्रिटनमध्ये पहिल्या ट्रान्झिस्टरांच्या काळात जर्मेनियम काढलं जात होतं ते गॅस कारखान्यांच्या धुराड्यातल्या धुळीतून. अमेरिकेच्या डाकोटा भागात १९६० च्या दशकात लिग्नाइट जाळून त्याच्या राखेतून युरेनियम काढलं. पोलंडमध्ये ग्झिमेक नावाच्या प्राध्यापकांनी राख चुनखडीसोबत भाजून ॲल्युमिना (ज्यापासून ॲल्युमिनियम बनतं ते ऑक्साइड) काढण्याची पद्धत बसवली. चीनच्या अंतर्गत मंगोलियात जुंगार भागातल्या कोळशाच्या राखेत चाळीस टक्क्यांच्या वर ॲल्युमिना निघतं, म्हणून तिथे तुओकेतुओच्या अजस्र वीज केंद्राजवळ राखेपासून ॲल्युमिना बनवण्याचा कारखानाच उभा राहिला.

मग आत्ताच पत्र लिहिण्याचं कारण काय? कारण बाजार बदलला आहे. जगातलं जवळजवळ सगळं प्राथमिक गॅलियम चीनमध्ये तयार होतं. १ ऑगस्ट २०२३ पासून चीनने गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. एप्रिल २०२५ मध्ये डिस्प्रोसियम, टर्बियम, स्कँडियम, यट्रियम यांच्यासह सात रेअर अर्थ, म्हणजे दुर्मिळ मृदा धातूंवर तेच केलं. त्याची झळ पार पुण्यापर्यंत आली. बजाज ऑटोने त्याच वर्षी जाहीरपणे सांगितलं की मोटरींची चुंबकं मिळत नसल्याने इलेक्ट्रिक स्कूटरच्या उत्पादनाला फटका बसणार आहे. केंद्राने जून २०२३ मध्ये ज्या ३० खनिजांना अत्यावश्यक म्हटलं त्यात गॅलियम, जर्मेनियम आणि रेअर अर्थ आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने १६,३०० कोटी रुपयांचं राष्ट्रीय अत्यावश्यक खनिज अभियान मंजूर केलं. खाणींतला टाकाऊ माल, राख, ॲल्युमिनाच्या कारखान्यांतला लाल चिखल यांतून धातू मिळवणं हेही त्याच कामात मोडतं. म्हणजे पैसे नाहीत ही सबब या वेळी चालणार नाही.

रेअर अर्थच्या बाबतीत आपल्या राखेला आणखी एक महत्त्व आहे. भारताकडे केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, पण तिच्यात भरणा हलक्या धातूंचा, लँथॅनम-सिरियम-निओडायमियमचा. उष्णतेत टिकणाऱ्या चुंबकांना जे डिस्प्रोसियम लागतं ते त्यात नावापुरतं. कोळशाच्या राखेत एकूण प्रमाण कमी असलं तरी जड धातूंचा वाटा तुलनेने बरा असतो. जगभरच्या कोळशाच्या राखेची सरासरी काढली तर रेअर अर्थ टनामागे ४०० ग्रॅमच्या आसपास आणि गॅलियम तीस-चाळीस ग्रॅम. सिंगरौली कोळसाक्षेत्राच्या नमुन्यांत कोळशात २५० आणि आजूबाजूच्या खडकांत ४०० पीपीएम रेअर अर्थ सापडल्याचं केंद्र सरकारने २०२५ मध्ये संसदेत सांगितलं. पीपीएम म्हणजे टनामागे ग्रॅम. तो कोळसा जळून चाळीस टक्के राख उरते असं धरलं, तर राखेत हा आकडा सहाशेच्या घरात जातो. हे सिंगरौलीचं झालं. वर्धा खोरं, कामठी, उमरेड इथल्या कोळशाच्या राखेचा असाच आकडा आपण लोकांपुढे ठेवावा, एवढंच तर आमचं म्हणणं आहे.

आता दुसरी बाजू. आकडे बघून हुरळून जाणारे आणि आपल्या दारात सामंजस्य करार घेऊन उभे राहणारे पुष्कळ येतील, म्हणून ती जरा सविस्तर मांडतो. राखेत धातू असणं वेगळं आणि तो निघणं वेगळं. टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या राखेचा अंदाज मांडला. १ कोटी १० लाख टनांपर्यंत रेअर अर्थ, म्हणजे त्या देशाच्या ज्ञात साठ्याच्या आठपट. मथळे झाले ते एवढ्याचेच. पण त्याच अभ्यासातली जास्त कामाची गोष्ट अशी : ॲपलाचियन पर्वताकडच्या कोळशाच्या राखेत टनामागे ४३१ ग्रॅम आहेत, पण त्यातले ३० टक्केच काढता येतात. पावडर रिव्हर खोऱ्याच्या राखेत २६४ ग्रॅमच आहेत, पण ७० टक्के निघतात. गुणाकार करा. गरीब राखेतून १८५ ग्रॅम हाती येतात आणि श्रीमंत राखेतून १२९. कारण पावडर रिव्हरची राख चुन्याची, आम्लात विरघळणारी. ॲपलाचियनची राख काचेची, धातूला आत कोंडून ठेवणारी. आपली राख या दुसऱ्या जातीची आहे. चुना कमी, सिलिका आणि ॲल्युमिना जास्त, वर म्युलाइटचे चिवट स्फटिक. तेव्हा नुसतं ‘इतके ग्रॅम आहेत’ असा अहवाल अर्धवट ठरेल. सौम्य आम्लात किती सुटतं, आधी अल्कलीने काच फोडली तर किती सुटतं, हेही त्याच नमुन्यावर तपासलं पाहिजे. रेअर अर्थच्या ऑक्साइडचं प्रमाण टनामागे हजार ग्रॅमच्या आसपास असल्याशिवाय राख खनिज म्हणून परवडत नाही, असं या विषयातले लोक बरीच वर्षं मानत आले. ते प्रमाण आपल्या सरसकट राखेत भरणं कठीण आहे. शेवटच्या ओळीच्या बारीक राखेत काय निघतं ते बघायला हवं, ते याचसाठी.

ॲल्युमिन्याचा मोह मात्र टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे. टनाला अडीचशे किलो ॲल्युमिना ऐकायला मोठं वाटतं. पण ओडिशात आणि आपल्या कोल्हापूर-रत्नागिरीत बॉक्साइट आहे, त्यात ॲल्युमिना चाळीस टक्क्यांच्या पुढे आणि सिलिका थोडी. राखेत सिलिका पंचावन्न-साठ टक्के. तिला बाजूला करायला चुनखडी घालून भाजावं लागतं, आणि शेवटी जेवढी राख आत गेली त्याच्या दुप्पट-तिप्पट कॅल्शियम सिलिकेटचा चिखल बाहेर पडतो. एक ढीग संपवायला दुसरा मोठा ढीग करायचा, आणि तोही आमच्याच गावांजवळ. गॅलियम किंवा स्कँडियम काढताना ॲल्युमिना जोडीने मिळालं तर ठीक, त्याच्यासाठी म्हणून कारखाना नको.

ढिगांचं नाव काढलं म्हणून सांगतो. १६ जुलै २०२२ ला पावसात कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख-बंधारा फुटला. राखेचं पाणी शेतांत आणि नाल्यांत शिरलं, नदीला मिळालं, आणि कन्हानवरून नागपूरला होणाऱ्या पाणीपुरवठ्यालाही त्याचा फटका बसला. त्याच वर्षी फेब्रुवारीत नांदगावच्या तलावात राख टाकणं लोकांच्या तक्रारींनंतर थांबवावं लागलं होतं. उन्हाळ्यात बंधाऱ्यावरची राख सुकली आणि दुपारचा वारा सुटला की कपाशीच्या पानांवर, भाजीच्या वाफ्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर राख असते. या लोकांना ‘तुमच्या राखेत मौल्यवान धातू आहेत’ असं सांगायला जाल तेव्हा जपून जा. जे धातू बारीक कणांवर चिकटतात त्यांत जर्मेनियम आहे तसं आर्सेनिकही आहे. म्हणून तपासणीत महागाच्या धातूंचा रकाना असेल तर विषारी धातूंचाही असलाच पाहिजे, थोरियम-युरेनियमचाही. एकाच उपकरणावर, एकाच नमुन्यातून सगळे आकडे निघतात. त्यातले निवडक छापू नयेत.

उद्या कुणी कंपनी धातू काढून देतो म्हणून आली तर तिला पहिला प्रश्न धातूचा विचारू नका. एक टन राखेला आम्ल किती, पाणी किती, आणि उरलेलं काय नि कुठे, हे विचारा. शंभर ग्रॅम माल काढल्यावर नऊशे नव्व्याण्णव किलोंच्या वर राख उरतेच, आता ओली आणि आम्ल लागलेली. ‘ती विटांना देऊ’ असं उत्तर ठरलेलं असतं. त्यावर विटवाला म्हणून माझं ऐका. धुतल्याशिवाय आलेल्या अशा राखेत क्लोराइड-सल्फेटचे क्षार असतात. वीट प्रेसमधून सुरेख निघते, पाणी मारून पक्कीही होते, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर भिंतीला लोणा येतो. प्लास्टर सुटतं, गिऱ्हाईक माझ्या दारात येतं, कंपनीच्या नाही. तेव्हा उरलेली राख विटेसाठी द्यायची असेल तर क्षारांची मर्यादा करारातच लिहिलेली असू द्या.

माझा स्वार्थही सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी काढायला नको. अधिसूचनांनी कोरड्या राखेतला काही हिस्सा विटांच्या कारखान्यांना सवलतीने, प्राधान्याने देण्याची वाट करून दिली आहे. राखेत धातू निघाले तर राखेचा भाव वाढेल आणि आमच्यासारख्या लहान कारखानदारांची पहिली पंचाईत होईल. तरीही मी तपासणी मागतोय. कारण शेवटच्या ओळीची राख एकूण राखेच्या मानाने अगदी थोडी असते. ती बाजूला काढली म्हणून विटा बंद पडत नाहीत. आणि माझी वीट काय, सिमेंट काय, यांत गेलेला धातू कायमचा गेला. खाणीच्या खड्ड्यात मुरूम-मातीत मिसळून टाकलेला तर गेलाच गेला. तलावातली जुनी राख तशीही सगळ्या ओळींची, तळराखेसकट एकत्र कालवलेली आहे. निवडायची संधी आहे ती ताज्या, कोरड्या राखेत, हॉपरखाली.

हे काम करायला लांब जावं लागत नाही. ॲल्युमिनियमवर संशोधन करणारी केंद्राची संस्था नागपूरजवळ वाडीला आहे. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय नागपुरात, खनिज समन्वेषण करणाऱ्या सरकारी कंपनीचं नागपुरात, वेकोलिचं (वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीचं) नागपुरात, पर्यावरण संशोधन करणारी नीरी नागपुरात, अभियांत्रिकी शिकवणारी व्हीएनआयटी नागपुरात. इतक्या पाट्या एका शहरात असून त्या शहराच्या वेशीवरची राख कशाची बनली आहे, हे शहराला सांगता येऊ नये, याला काय म्हणावं? कोळसा वेकोलिचा, बॉयलर आपला, तपासणारे शेजारी. एक बैठक घेतली तरी सुरुवात होईल.

तर, कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूर या तीन केंद्रांपासून सुरू करा. चंद्रपूर २९२० मेगावॅटचं, आपलं सर्वांत मोठं, तेव्हा ते वगळू नये. प्रत्येक संचाच्या ईएसपीच्या प्रत्येक ओळीतून महिन्याला एक नमुना, एक वर्षभर. तळराखेचा आणि जुन्या बंधाऱ्यात खोलवर भोक पाडून घेतलेल्या नमुन्यांचा वेगळा हिशेब. सगळे आकडे महानिर्मितीच्या संकेतस्थळावर, मराठीतही. आणि ते येईपर्यंत शेवटच्या ओळीची राख स्वतंत्र सायलोत (बंद कोठारात) ठेवा, खाणीत भरायच्या किंवा भरावाच्या टिपरमध्ये ती जाऊ देऊ नका. वर्षअखेर काढण्याजोगं काहीच नाही असं निघालं तर तसं जाहीर करा. मीच पहिला ती बारीक राख विटेसाठी उचलायला येईन.

आपला,
राखेच्या विटांचा एक कारखानदार
ता. कामठी, जि. नागपूर

ता. क. – प्रत्येक नमुन्यासोबत त्या दिवशी बंकरमध्ये कुठला कोळसा होता त्याची नोंद जरूर असावी. वेकोलि, महानदी, दक्षिण-पूर्व, सिंगरेणी या कोळसा कंपन्यांचा, धुतलेला, न धुतलेला, असा कोळसा आपल्याकडे मिसळून जळतो. खाण कळली नाही तर राखेच्या आकड्यावरून पुढचा माणूस काहीच ठरवू शकणार नाही, आणि ही नोंद कोळसा हाताळणी विभागाच्या रोजच्या वहीत तशीही असते.